फौजी ट्रक, खोपोलीचे गॅरेज आणि एका आईचे पत्र

खालापूर तालुक्यातून एका ताईंचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी लिहिले आहे, म्हणून छापत नाही. मजकूर थोडक्यात असा. थोरला मुलगा बारावीनंतर घरी बसून होता. गेले सात-आठ महिने तो खोपोलीच्या बाजूला एका गॅरेजवर जातो. कुणा फार्महाऊसवाल्या साहेबांनी लिलावातला जुना मिलिटरी ट्रक तिथे आणून टाकला आहे आणि त्यांना तो पूर्वी होता तसा करून हवा आहे. मुलगा दिवसभर त्या ट्रकखाली असतो आणि रात्री काळाकुट्ट होऊन घरी येतो. ताई लिहितात, "माझे वडील पुण्याकडच्या लष्करी डेपोत फिटर होते. आम्ही खुर्चीवर बसावे म्हणून त्यांनी जन्मभर हाताचे ग्रीस धुतले. आता नातू परत तिथेच गेला. बाबासाहेबांनी आपल्याला भंगारात हात घालायला सांगितले होते का?"

एरवी या सदराकडे येणारी पत्रे शाळाप्रवेशाची, लग्नाची, नाही तर घरातल्या दारूची असतात. माझी नोकरी लष्करी वर्कशॉपमध्ये गेली हे संपादकांना ठाऊक आहे. त्यामुळे त्यांनी हे पत्र मुद्दाम माझ्या हाती दिले.

ताई, सप्रेम जयभीम. तुमचा प्रश्न खरा आहे. 'कोणतेही काम हलके नसते' असे गुळगुळीत उत्तर मी देणार नाही. ते वाक्य आपल्याला बहुधा असेच लोक ऐकवतात, ज्यांना ते काम स्वतः करायचे नसते. तेव्हा आधी तुमच्या वडिलांविषयी बोलू, मग मुलाविषयी.

गावगाड्यात भाता लोहाराचा आणि रंधा सुताराचा. आपल्या वाट्याला वेसकरी, सांगावा पोचवणे आणि मेलेली गुरे ओढणे. हत्यार हातात घेऊन एखादी वस्तू घडवायची, असे एकही काम वतनात नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत आपले लोक गेले, पण चांगल्या मजुरीचे विणकाम खाते त्यांना बंद होते. धोटा भरताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचे सूत दुसऱ्याला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. फौजेचेही तेच झाले. १८९० नंतर इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११ महार ही पलटण उभारली आणि १९२१ मध्ये ती मोडूनही टाकली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा किती पाठपुरावा होता, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको.

रेजिमेंटचे नाव झाले, ते रास्तच झाले. पण त्याच युद्धाने आणखी एक दार उघडले, त्याची आठवण कुणी फारशी काढत नाही. डेपो आणि वर्कशॉप यांचे ते दार. देहूरोड, खडकी आणि खाली अंबरनाथ या पट्ट्यात हजारो हातांची गरज निर्माण झाली. तिथे पाना एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाई आणि तो धुऊन घ्यायला कुणाला सवड नव्हती. जात नाहीशी झाली असे मी म्हणत नाही. कॅन्टीनमध्ये कोण कुठे बसतो हे मीही पाहिले आहे. पण कामाची पावती यंत्र देत असे. इंजिन सुरू झाले की झाले, त्यावर कुणाला बोट ठेवता येत नसे. देहूरोडच्या याच कामगारवस्तीत २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. तेव्हा तुमच्या वडिलांनी नुसते ग्रीस धुतले असे म्हणू नका.

आणखी एक गोष्ट. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. युद्ध संपल्यावर लाखो सैनिक आणि युद्धकामगार बेकार होणार हे दिसत होते. त्यांना कामाला लावण्यासाठी जुलै १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याखाली जी यंत्रणा सुरू झाली, तिच्यातून आजची सेवायोजन कार्यालये आली. कारागिरांना शिकवण्याचे कामही त्याच खात्याकडे होते. १९५० मध्ये सुरू झालेली आयटीआयची योजना त्याच वाटेवरची. बाबासाहेबांनी गाव सोडा, मेलेले ढोर ओढू नका, असे सांगितले. यंत्रावर काम करू नका असे त्यांनी कधीच सांगितले नाही. उलट, आपल्या मुलांना तांत्रिक शिक्षण मिळावे म्हणून ते सरकारशी भांडत राहिले.

आता ट्रककडे वळू. तुम्ही पत्रात 'पुढे लांब नाकाचा' असे लिहिले आहे, त्यावरून तो शक्तिमान असावा. एम.ए.एन. या जर्मन कंपनीच्या परवान्यावर जबलपूरला १९५९ पासून हे ट्रक बनू लागले. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते तेव्हाची ही गोष्ट. सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन आणि पुढची-मागची दोन्ही चाके ओढणारी गाडी. १९९६ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्या जोडीला निसानचा वन-टन आणि जोंगा होते. तेही जबलपूरचेच, पण पेट्रोलवर चालणारे. त्याआधी युद्धात आलेले शेवरोले, डॉज, फोर्ड आणि जी.एम.सी. होते. युद्ध संपल्यावर ते लिलावात निघाले आणि त्यांतले कितीतरी पुढे मालाच्या लॉऱ्या होऊन देशभरच्या रस्त्यांवर राबले. बोरघाट चढण्याआधी खोपोलीला थांबायचे, रेडिएटरला पाणी द्यायचे, ब्रेक पाहायचे, अशी ट्रकवाल्यांची रीत होती. खोपोलीचा मिस्त्री तयार झाला तो या घाटामुळे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि रस्त्याचा धंदा विभागला गेला. आता कर्जत-नेरळकडे फार्महाऊस झाली आहेत आणि चौकजवळ २००५ पासून चित्रपटांचा स्टुडिओ आहे. जुन्या गाड्यांचे हौशी गिऱ्हाईक त्यामुळे इकडे येऊ लागले. नाही तर असल्या ट्रकची चासी गॅसने कापायची आणि तुकडे पोलादाच्या भट्टीत टाकायचे, एवढाच मार्ग असतो.

तुमचा मुलगा करतो ते काम म्हणूनच भंगाराचे नाही. भंगारवाला वस्तू तोडतो, हा जोडतो. आणि हे जोडणे साध्या दुरुस्तीपेक्षा अवघड असते. चालू गाडीचा सुटा भाग दुकानात मिळतो, याचा मिळत नाही. दुसऱ्या मेलेल्या ट्रकचा शोधायचा, कुर्ल्याला जाऊन ढिगातून काढायचा, नाही तर माप घेऊन लेथवर करून घ्यायचा. शिवाय आपल्याकडचे चार महिन्यांचे पावसाळे त्याने उघड्यावर काढलेले असतात. पत्रा वरून बरा दिसतो आणि आतून जाळी झालेला असतो.

मुलाला माझ्याकडून एवढे सांगा. असा ट्रक आला की सगळ्यांना आधी इंजिन सुरू करून पाहायची घाई होते. मालकाला तर फारच. तसे करू नये. वर्षानुवर्षे बंद इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात. सेल्फ मारला की रिंग तुटते, भिंतीवर ओरखडा पडतो, आणि जे काम तेलाने झाले असते त्याला बोअर करायची पाळी येते. नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे डिझेल आणि इंजिन ऑइल सोडावे. आठवडाभर तसेच ठेवावे. मग हाताने, हलके-हलके मागेपुढे फिरवून पाहावे. फिरले नाही तर पुन्हा आठवडा थांबावे. टाकीतले जुने डिझेल काढून टाकी आतून धुवावी, कारण तिचा गाळ पंपात गेला तर पंपाचा खर्च सगळ्यात मोठा. आणि इंजिनाच्या आधी ब्रेक. चालू इंजिनाचा, पण बिनब्रेकचा चार-पाच टनांचा ट्रक खोपोलीच्या उतारावर काय करील, हे सांगायला नको.

चासी घासताना कमानपट्ट्यांचे हँगर आणि रिव्हेट यांच्याभोवती नीट पाहावे. तडा असला तर तिथेच असतो आणि रेडऑक्साइड मारल्यावर तो दिसत नाही. पुढच्या हाउसिंगची ऑइल सील बहुधा वाळून गेलेली असतात. डॅशबोर्डवरच्या नंबराच्या पट्ट्या काढू नयेत, घासू नयेत आणि त्यांवर रंगही मारू नये. ट्रकची ओळख तिथेच लिहिलेली असते. जुना रंग एकदम खरवडू नये. थरांखाली पलटणीच्या खुणा निघतात, त्यांचे फोटो घ्यावेत. रंग कोरडा घासू नये हे मात्र पक्के. जुन्या रंगात शिसे असते, ते धुळीबरोबर पोटात जाते. ओला करून घासावा आणि तोंडाला मास्क बांधावा. ब्रेकचे जुने लायनर ॲस्बेस्टॉसचे असतात. ड्रम उघडला की आतली धूळ हवेने फुंकायची सवय सगळ्या गॅरेजांत आहे. ती धूळ ओल्या फडक्याने पुसायची असते. ॲस्बेस्टॉसचा रोग वीस-तीस वर्षांनी दिसतो आणि तेव्हा त्याच्यावर उपाय उरलेला नसतो.

सगळ्यात जास्त सांगायचे ते चाकाविषयी. फौजी ट्रकची रिम एकसंध नसते. कधी बाजूला लॉक रिंग असते, तर कधी दोन अर्धी बोल्टांनी जोडलेली असतात. बोल्टांच्या रिमचे बोल्ट आणि चाक गाडीला बसवायचे नट, हे दोन्ही शेजारी-शेजारी दिसतात. नव्या मुलाने ट्यूबमध्ये हवा असताना चुकीचे सोडले की रिमची दोन अर्धी तोफेसारखी सुटतात. माझ्या डोळ्यांदेखत एका मदतनिसाचा हात गेला आहे. वर्कशॉपचे नाव घेत नाही. चूक त्याची म्हणून लिहिली गेली. त्याला कुणी शिकवलेच नव्हते, हे कुठल्याच कागदावर आले नाही. म्हणून व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्यायची, मगच रिमला हात लावायचा. हवा भरताना चाक पिंजऱ्यात, नाही तर निदान साखळीने बांधून ठेवायचे आणि आपण समोर उभे राहायचे नाही.

बाकीचे धोके मुलाला माहीत असतील, तरी आईच्या तोंडून ऐकू देत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचे नाही, लोखंडी घोड्या लावायच्या. विटा आणि ठोकळे चालत नाहीत. नोझल तपासताना फवाऱ्यासमोर हात धरायचा नाही, ते डिझेल कातडीच्या आत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण बोट काढावे लागते. डिझेल-पेट्रोलची टाकी रिकामी आहे म्हणून वेल्डिंग करायचे नाही. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि तीच फुटते.

काही वाचक विचारतील की मिलिटरीच्या गाड्या दुरुस्त करणे हा सम्यक आजीव कसा? भगवंतांनी उपासकांना पाच व्यापार वर्ज्य सांगितले: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. ट्रक यांपैकी कशात बसतो ते मला सांगावे. जवानांचे पीठ, पाणी आणि तंबू वाहणारी ती गाडी आहे. आणि आता तर ती फार्महाऊसवर पाहुण्यांना दाखवायला उभी राहणार आहे.

साहेबांच्या कागदपत्रांविषयीही बोलले पाहिजे, कारण अखेर त्याचा संबंध मजुरीशी येतो. फौजेची गाडी आरटीओत नोंदलेली नसते. तिची नोंद लष्कराच्या दप्तरात असते आणि नंबराच्या पाटीवर वर टोक केलेला बाण असतो. लिलावात घेतल्यावर ती रीतसर नोंदवल्याशिवाय रस्त्यावर आणता येत नाही. साहेबांना ती 'होती तशी' हवी आहे, पण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे संरक्षण खात्याशिवाय कुणालाही ऑलिव्ह हिरव्या रंगाची गाडी वापरता येत नाही. म्हणजे रस्त्यावर न्यायची असेल तर रंग बदलणे आले. जुलै २०२१ मध्ये जुन्या, व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी निघाली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये फी. पण तिला गाडी पन्नास वर्षांवरची, दुचाकी नाही तर चारचाकी असावी लागते आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. म्हणजे १९९० चा शक्तिमान त्यात बसत नाही, आणि सहा-दहा चाकांच्या जुन्या जी.एम.सी.लाही अडचण आहे. ही नोंदणी मिळाली तरी गाडी भाड्याने लावता येत नाही. हे सगळे साहेबांनी पाहायचे, मान्य. पण गाडी पासिंगला अडकली की मालक गॅरेजवाल्याचे पैसे अडकवतो आणि गॅरेजवाला पोराचे. हे मी एकदा नाही, पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून मजुरी आठवड्याची आठवड्याला घ्यावी. 'गाडी उभी राहिली की एकदम देतो' याला हो म्हणू नये.

आता तुमच्या मनातल्या मूळ भीतीकडे येतो, ताई. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: "वडिलांना सगळे येत होते, पण निवृत्त झाल्यावर त्यांच्याजवळ दाखवायला काहीच नव्हते." हे मात्र मला लागले. आमच्या पिढीचे असेच झाले. मॅन्युअल इंग्रजीत, साहेबाच्या कपाटात. आम्ही कानाने आणि बोटांनी शिकलो. कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स कसा रडतो हे आम्हांला झोपेतही कळे, पण एक ओळ कुणी लिहिली नाही. माणसे गेली, त्यांच्याबरोबर सगळे गेले. आणि आज जुन्या गाड्यांची रॅली निघते तेव्हा फोटो मालकाचा येतो. ट्रकखाली सात-आठ महिने कोण निजला होता, हे कुणी विचारत नाही.

तेव्हा मुलाला गॅरेज सोडायला सांगू नका. त्याला एक शंभरपानी वही घेऊन द्या. रोज काय उघडले, काय मोजले, कुठला भाग कुठून आणला, कुठल्या मापाने लेथवर केला, ते मराठीत, तारखेसह, स्वतःच्या नावाने लिहू दे. बोल्ट डब्यांत ठेवताना प्रत्येक डब्यावर चिठ्ठी. मोबाइल त्याच्याकडे असणारच. भाग सोडवण्याआधी एक फोटो, बसवल्यावर एक, आणि त्यात कधीतरी तो स्वतःही असू दे. पुढच्या मालकाकडे जाताना ती वहीच त्याची ओळख होईल.

वही पुरेशी नाही हेही खरे. तो एकोणीस वर्षांचा आहे, आयटीआयचे वय गेलेले नाही. डिझेल मेकॅनिकचा कोर्स एक वर्षाचा आहे, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा. दोन्हींना दहावी पुरते. बारावी झालेला, गॅरेजात हात बसलेला मुलगा तिथे पहिल्या दिवसापासून पुढे राहील. त्यानंतर कारखान्यात किंवा एस.टी.त अप्रेंटिसशिप. वर्गात बसायला तो अजिबात तयार नसेल, तर हाताला येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्र सरकारच्या कौशल्य योजनेत २०१५ पासून आहे. माझे मत विचाराल तर आयटीआय. तीन दिवसांचे प्रमाणपत्र आणि वर्षभराचे शिक्षण यांत फरक आहे. गॅरेजच्या मिस्त्रींना मात्र दुखवून जाऊ नका. त्यांना सांगा, सुट्टीच्या दिवशी येत जाईल. बहुतेक मिस्त्री नाही म्हणत नाहीत. त्यांनाही कुणीतरी असेच शिकवलेले असते.

तुमच्या धाकट्या मुलीचा पत्रात ओझरता उल्लेख आहे. ती दादाच्या मोबाइलवरचे इंजिनाचे फोटो पाहत बसते म्हणून तुम्ही रागावता. कोणत्या इयत्तेत आहे ते लिहिलेले नाही. आयटीआयमध्ये मुलींसाठी राखीव जागा असतात. पुढच्या पत्रात तिचे वय आणि गणिताचे गुण कळवा.

वडिलांच्या वेळचे पाने घरात असतील तर ते मुलाला द्या. गंजले असतील तर दोन दिवस रॉकेलमध्ये, रॉकेल मिळाले नाही तर डिझेलमध्ये, बुडवून ठेवा आणि तारेच्या ब्रशने घासा. त्या वेळचे पोलाद चांगले असायचे.